‘पितळ उघडं पडेल’ ही भीती: इम्पोस्टर सिंड्रोम ओळखायचा कसा आणि त्यावर काम कसं करायचं

बढतीचं पत्र येतं, घरी पेढे वाटले जातात, आणि ज्याच्यासाठी पेढे वाटले तो माणूस रात्री छताकडे बघत जागा असतो. मनात एकच वाक्य फिरत असतं: “यांची काहीतरी गफलत झालीय. दोन-चार महिन्यांत माझं पितळ उघडं पडेल.”

नाशिकमध्ये हे वाक्य मी फार वेगवेगळ्या माणसांच्या तोंडून ऐकलं आहे. सातपूरच्या कारखान्यात ऑपरेटरचा सुपरवायझर झालेला माणूस, सुरगाण्याच्या आदिवासी भागातून येऊन मेडिकलला लागलेली मुलगी, गंगापूर रोडच्या फ्लॅटमध्ये बसून परदेशी क्लायंटचं काम करणारा सॉफ्टवेअरवाला, कित्येक वर्षं शिकवूनही वर्गात शिरताना धास्तावणाऱ्या प्राध्यापक बाई. कामात कोणीच कच्चं नाही. तरी प्रत्येकाला वाटतं की बाकीचे खरे आहेत आणि आपण तेवढे चुकून आत आलो. यालाच इम्पोस्टर सिंड्रोम म्हणतात. इम्पोस्टर म्हणजे तोतया. (पुढे येणारी उदाहरणं अशा अनेकांची मिळून केलेली आहेत, कुणा एकाची ओळख त्यात नाही.)

“तू हुशार आहेस, उगाच घाबरतोस” असं सांगून हे जात नाही. आणखी एक बक्षीस, आणखी एक पदवी मिळवूनही जात नाही, उलट वाढतं. का वाढतं ते समजलं की काय करायचं तेही बरंचसं समजतं, म्हणून आधी थोडं त्याबद्दल.

हे नेमकं काय आहे

१९७८ साली अमेरिकेतल्या जॉर्जिया स्टेट युनिव्हर्सिटीतल्या पॉलिन क्लॅन्स आणि सुझॅन आइम्स या मानसशास्त्रज्ञांनी या अनुभवावर पहिला शोधनिबंध लिहिला. पदव्या, पदं, मानसन्मान सगळं असलेल्या दीडशेहून जास्त स्त्रियांबरोबर केलेल्या कामावर तो आधारलेला होता. इतकं मिळवूनही या स्त्रियांना वाटत होतं, की आपण लोकांची दिशाभूल करून इथवर पोचलो. पुढच्या अभ्यासांत पुरुषांमध्येही तेच दिसलं.

मानसिक आजारांच्या अधिकृत याद्यांमध्ये, म्हणजे डीएसएम किंवा आयसीडीमध्ये, हे निदान नाही. त्यामुळे “तुला इम्पोस्टर सिंड्रोम झालाय” असं कोणी म्हणालं तर आपल्याला रोग जडला असं समजू नका. क्लॅन्स यांनी पुढे वीस विधानांची एक प्रश्नावली केली. तिचे गुण २० ते १०० मध्ये येतात. ६० च्या वर गेले तर असे विचार वरचेवर येतात आणि ८० च्या वर गेले तर ते फार तीव्र आहेत, असं ढोबळपणे धरतात. आरसा म्हणून ती बरी आहे. पण आकडा पाहून स्वतःवर शिक्का मारू नका.

हे किती जणांना होतं? २०२० साली ६२ अभ्यास एकत्र करून एक आढावा घेतला गेला. त्यात १४ हजारांहून जास्त माणसं होती. कोणती प्रश्नावली वापरली आणि रेषा कुठे आखली यावर प्रमाण ९ टक्क्यांपासून ८२ टक्क्यांपर्यंत बदलत होतं. म्हणून “दहातल्या सात जणांना होतं” अशी फिरणारी वाक्यं मी वापरत नाही. एवढं मात्र नक्की, की तुम्ही यात एकटे नाही.

चक्र कसं फिरतं

सातपूरच्या त्या सुपरवायझरचंच घ्या. कस्टमर ऑडिटची, म्हणजे ग्राहक कंपनी येऊन कारखाना तपासणार त्या दिवसाची, तारीख कळते. पोटात गोळा येतो. इथून दोन वाटा फुटतात. एका वाटेवर माणूस रात्री उशिरापर्यंत थांबून प्रत्येक फाइल, प्रत्येक गेजच्या (मोजमापाच्या साधनाच्या) कॅलिब्रेशनची तारीख, प्रत्येक कंट्रोल प्लॅन पुन्हा पुन्हा तपासतो. दुसऱ्या वाटेवर तो फाइलला हातच लावत नाही, आणि शेवटच्या दोन दिवसांत जिवाचा आटापिटा करतो.

ऑडिट पार पडतं. साहेब खूश. तासभर हायसं वाटतं.

मग पहिल्या वाटेनं गेलेला स्वतःशी म्हणतो, “एवढा राबलो म्हणून निभावलं. खरा हुशार असतो तर इतकं राबावं लागलं नसतं.” दुसऱ्या वाटेनं गेलेला म्हणतो, “नशीब बलवत्तर. ऑडिटरनं नेमकं तेच विचारलं नाही.” दोघांचंही ऑडिट पास झालं, आणि दोघांपैकी एकाच्याही नावावर ते यश जमा झालं नाही. एकाचं मेहनतीच्या खात्यात गेलं, दुसऱ्याचं नशिबाच्या. उद्या एखादी चूक झाली तर मात्र ती बरोबर नावानिशी स्वतःकडे येते: “बघ, म्हणत नव्हतो?”

अशी वर्षानुवर्षं नोंद होत राहिली की माणसाचा हुद्दा वाढतो आणि आतली शिल्लक शून्यच राहते. हुद्दा आणि शिल्लक यांतलं अंतर जेवढं वाढतं, तेवढी भीती वाढते. बढतीनं धास्ती का वाढते, याचं उत्तर यात आहे. आणि औषध कुठे लावायचं तेही इथेच कळतं: आणखी यश गोळा करण्यात अर्थ नाही, आलेलं यश जिथे नोंदलं जातं ती जागा दुरुस्त करायची आहे.

आपल्याकडे यात एक गोष्ट भर घालते. “स्वतःची स्तुती स्वतः करू नये” हे आपण लहानपणापासून ऐकत आलो, आणि ते चांगलंच आहे. पण त्या शिकवणीची सवय होता होता आपण स्वतःशीसुद्धा खरं बोलणं सोडून देतो. निकाल चांगला लागला की “आईवडिलांचे आशीर्वाद”, काम फत्ते झालं की “देवाची कृपा, सगळ्यांची साथ”. हे म्हणावंच. फक्त त्यात आपला स्वतःचा हात कुठे होता, हे मनातल्या मनात तरी कोणी विचारत नाही. स्तुती आणि नोंद या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पुढच्या सगळ्या पायऱ्या नोंदीच्या आहेत.

पहिली पायरी: आपला प्रश्न कुठला, ते आधी ठरवा

ही पायरी बहुतेक जण वगळतात आणि मग सगळं करून फरक पडत नाही. “मी इथे बसत नाही” या एका भावनेमागे निदान चार वेगळी कारणं असू शकतात, आणि प्रत्येकाचा इलाज निराळा.

पहिलं कारण: एखादी गोष्ट खरोखरच येत नसेल. सुपरवायझर झालात, पण ईआरपीमध्ये, म्हणजे कंपनीच्या कामकाजाच्या सॉफ्टवेअरमध्ये, एंट्री करता येत नाही, एक्सेलमध्ये रिपोर्ट काढता येत नाही. ही कमतरता आहे आणि ती शिकून भरता येते. ओळखायची खूण सोपी आहे: जे येत नाही त्याला नाव देता येतं का? “मला पिव्होट टेबल येत नाही” याला नाव आहे. “मी या खुर्चीच्या लायकच नाही” याला नाव नाही. एक कागद घ्या आणि जे जे येत नाही त्याची नावानिशी यादी करा. यादी चार-पाच ओळींत संपली आणि भीती मात्र उरली, तर उरलेला भाग इम्पोस्टरचा.

दुसरं कारण: आजूबाजूचे तुम्हाला तसं वाटायला लावत असतील. यावर मला जरा थांबायचं आहे, कारण या विषयावरच्या बहुतेक लेखनात सगळा दोष माणसाच्या मनावर टाकला जातो.

सुरगाणा, पेठ, कळवण भागातून आश्रमशाळेत शिकून आलेली मुलगी मेडिकलच्या वर्गात बसते. शिकवणं इंग्रजीत, मित्रमंडळींच्या गप्पा इंग्रजी-हिंदीत, आणि तिचा उच्चार ऐकून मागच्या बाकावर कोणीतरी हसतं. “कोट्यातून आलीस ना?” हे तोंडावर विचारलं जातं. अशा वेळी “मी इथली नाही” असं तिला वाटलं, तर तिच्या विचारांत बिघाड नाही. ती जे रोज ऐकते त्याची ती बरोबर नोंद घेते आहे. तिला “आत्मविश्वास वाढव” म्हणणं अन्यायाचं आहे. तिला सोबत हवी, पुढच्या वर्षातली आपल्या भागातली सीनिअर ताई हवी, आणि गरज पडली तर तक्रार करायला पाठबळ हवं.

तसंच मुक्त विद्यापीठातून शिकलेल्यांचं. यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ मध्ये नाशकातच उभं राहिलं. दिवसा शिफ्ट, रात्री पुस्तक, रविवारी अभ्यासकेंद्र असं करून ज्यांनी पदवी घेतली ती माणसं मुलाखतीत ती ओळ भरभर वाचून पुढे जातात. कोणीतरी कधीतरी म्हटलेलं असतं, “अच्छा, बाहेरून केलंय.” यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, नियमांनी मान्यताप्राप्त मुक्त विद्यापीठाची पदवी नेहमीच्या पदवीच्या बरोबरीची धरली जाते. नोकरी आणि संसार सांभाळून ती पुरी करणाऱ्याकडे चिकाटी आणि वेळेचं नियोजन आहे, हे त्या कागदावरच लिहिलेलं आहे. लाज दुसऱ्याच्या स्वराची आहे, तुमच्या पदवीची नाही.

या दुसऱ्या प्रकारासाठी स्वतःला एक प्रश्न विचारा: जागा बदलली, माणसं बदलली तर ही भावना जाते का? आपल्या गावच्या, आपल्या भाषेच्या लोकांत काम करताना तुम्ही निर्धास्त असाल आणि एका विशिष्ट खोलीतच अंग चोरत असाल, तर आधी त्या खोलीकडे बघा.

तिसरं कारण: तुम्ही नुसते नवीन असाल. पुण्याला किंवा मुंबईला नोकरी लागलेल्या नाशिकच्या मुलांना पहिले काही महिने सगळेच आपल्यापेक्षा चटपटीत वाटतात. नवखेपणाचा बुजरेपणा वेळेनं ओसरतो, त्याला ओसरू द्या.

चौथं कारण म्हणजे उदासी किंवा चिंतेचा आजार. त्याबद्दल शेवटी.

दुसरी पायरी: वाक्य पकडा

भीती धूसर असते तोवर ती मोठी असते. ती नेमक्या कोणत्या शब्दांत बोलते ते पकडायचं. पोटात गोळा आला की मोबाइलवर किंवा कागदावर तेव्हाचं वाक्य जसंच्या तसं लिहा. सुधारून नाही, शहाणपणाची भर घालून नाही. “उद्या प्रेझेंटेशनमध्ये त्या सरांनी एक प्रश्न विचारला की संपलं.” “मला घेतलं कारण दुसरं कोणी आलं नव्हतं.”

मग त्याखाली दोन ओळी. यातलं मला प्रत्यक्ष काय माहीत आहे? आणि मी अंदाज काय केला आहे? “दुसरं कोणी आलं नव्हतं” हे तुम्हाला ठाऊक आहे, की तसं वाटतं आहे? मुलाखतीच्या दिवशी बाहेर बाकावर बसलेली माणसं आठवा. मनातला युक्तिवाद कागदावर उतरला की बऱ्याचदा पहिल्याच प्रश्नाला अडखळतो. संज्ञानात्मक वर्तन उपचारपद्धतीत (सीबीटी), म्हणजे विचार आणि वागणं तपासून बदलण्याच्या उपचारात, तज्ज्ञ असंच काम करून घेतात. घरच्या घरी त्याचा हा साधा भाग करायला हरकत नाही.

घरात निवांत बसायला जागा नसेल तर बाहेर पडा. सावाना, म्हणजे १८४० पासूनचं आपलं नाशिकचं सार्वजनिक वाचनालय, अशा कामाला उत्तम जागा आहे. तिथे वही उघडून बसलेल्या माणसाला कोणी काही विचारत नाही.

तिसरी पायरी: नोंदवही

सगळ्यांत जास्त काम ही पायरी करते, म्हणून इथे सविस्तर.

निफाड-दिंडोरीकडच्या निर्यातीच्या द्राक्षबागायतदाराला विचारा, “यंदा माल कसा झाला?” तो म्हणेल, “हवामानानं साथ दिली.” पण त्याच्या घरात एक नोंदवही असते. ऑक्टोबरच्या छाटणीची तारीख, कोणत्या दिवशी कोणतं औषध, किती प्रमाणात, विरळणी कधी, शेवटची फवारणी आणि काढणी यांत किती दिवस. युरोपला माल पाठवायचा तर औषधांच्या अंशाची तपासणी होते, बागेची नोंदणी लागते, फवारणीची नोंद दाखवावी लागते. तोंडानं तो श्रेय हवामानाला देतो, पण वही सांगते की ढगाळ हवेच्या त्या आठवड्यात डाऊनी (केवडा रोग) यायच्या आधी त्यानं फवारा घेतला होता. हवामान सगळ्यांनाच सारखं होतं. शेजारच्या बागेत घड कुजले आणि याचे राहिले, त्यात त्याच्या निर्णयाचा वाटा होता.

तशी वही तुम्हाला स्वतःच्या कामाची ठेवायची आहे. आठवड्यातून एकदा, शक्यतो ठरलेल्या दिवशी. आमच्याकडे शनिवारी कारखान्यांना सुट्टी असते, त्यामुळे शुक्रवारची संध्याकाळ बरी पडते. प्रत्येक नोंदीत एवढ्या गोष्टी हव्यात:

काय झालं. मी त्यात नेमकं काय केलं किंवा ठरवलं. कोणाची मदत झाली. नशिबाचा किंवा योगायोगाचा भाग कोणता. आणि पुरावा काय: मेल, आकडा, कोणाचं वाक्य.

मदत आणि नशीब हे रकाने मुद्दाम ठेवले आहेत. ते नसले तर तुमचं मनच वहीवर विश्वास ठेवणार नाही, म्हणेल की ही फुशारकी आहे. सगळं लिहिलं की वाटणी प्रामाणिक होते, आणि प्रामाणिक वाटणीत तुमचा वाटा शून्य येत नाही, हे दिसतं.

नमुन्याला सुपरवायझरची एक नोंद अशी असू शकते:

“मशीन नंबर चारवरचं रिजेक्शन कमी झालं. मी: पार्ट फिक्सचरमध्ये (पार्ट पकडून ठेवणाऱ्या साच्यात) सैल बसतोय हे दुसऱ्या शिफ्टच्या आकड्यांवरून ओळखलं, लोकेटर बदलायला सांगितलं. मदत: टूलरूमच्या अण्णांनी दोन दिवसांत करून दिला. नशीब: त्या आठवड्यात लोड कमी होता, मशीन थांबवता आलं. पुरावा: रिजेक्शनचा रोजचा तक्ता.”

“मी मेहनत केली” असं लिहू नका. मेहनत हे इम्पोस्टरवाल्या मनाचं आवडतं निमित्त आहे: “मेहनत तर गाढवही करतं.” निर्णय लिहा. काय ओळखलं, काय निवडलं, कशाला नाही म्हटलं. अनुभवी माणसाला आपल्या निर्णयांची किंमत कळत नाही, कारण ते त्याला सहज सुचलेले असतात. आणि सहज सुचलं म्हणजे सोपं होतं, असं तो धरून चालतो. तुम्हाला सहज सुचलं ते शेजारच्याला सुचलं असतं का, हा प्रश्न प्रत्येक नोंदीला विचारा.

ही वही मोठ्या प्रसंगाच्या आदल्या रात्री वाचायची. बाकी वेळी लिहून मिटवायची.

चौथी पायरी: तयारीला हद्द घाला

नोंद सुधारली तरी अतितयारीची किंवा टाळाटाळीची सवय तशीच राहिली, तर चक्र पुन्हा सुरू होतं. “एवढं राबलो म्हणून जमलं” हे खरं की खोटं, ते कमी राबून बघितल्याशिवाय कळणार नाही. म्हणून प्रयोग करायचा, आणि लहानापासून.

साधा मेल सहा वेळा वाचून पाठवत असाल तर एकदा दोनच वेळा वाचून पाठवा. पाठवण्याआधी अंदाज लिहून ठेवा: “चूक निघेल, साहेब बोलतील.” दुसऱ्या दिवशी प्रत्यक्षात काय झालं ते त्याच्यासमोर लिहा. मग अंतर्गत मीटिंगची तयारी नेहमीच्या निम्म्या वेळात. मग त्याहून मोठं काहीतरी. पेशंटच्या औषधाचा डोस, मशीनची सुरक्षितता, पैशाचा हिशेब, जिथे चुकीनं दुसऱ्याचं नुकसान होतं तिथे हे प्रयोग करू नका. तिथली कसून तपासणी योग्यच आहे.

टाळणाऱ्यांसाठी उलटं. काम हाती आलं त्याच दिवशी त्याचा एक ओबडधोबड, लाज वाटेल असा पहिला कच्चा मसुदा करायचा आणि तो कोणाला तरी दाखवायचा. शेवटच्या रात्रीपर्यंत थांबण्यामागे आळस क्वचित असतो. बहुतेक वेळा “पूर्ण वेळ दिला आणि तरी वाईट झालं तर?” ही भीती असते.

पाचवी पायरी: कौतुक घ्यायला शिका

कोणी चांगलं म्हटलं की आपल्या तोंडून लगेच येतं: “छे, माझं काय त्यात!” यात कौतुक करणाऱ्याचाही अवमान होतो, कारण त्यानं विचारपूर्वक दिलेलं मत तुम्ही त्याच्या तोंडावर परत करता.

फुशारकी नको असेल तर दोन वाक्यांची सवय लावा. पहिल्यात आभार, दुसऱ्यात खरी वाटणी. “थँक यू सर. फिक्सचर बदलायचं मी सुचवलं, आणि टूलरूमनं ते फार पटकन करून दिलं.” यात विनय आहे आणि खोटेपणा नाही. सुरुवातीला जीभ अडखळेल. मग “थँक यू” म्हणून गप्प बसा, तेवढंही पुरे. घरी आल्यावर ते वाक्य वहीच्या पुराव्याच्या रकान्यात लिहा.

सहावी पायरी: एका माणसाला सांगा, पण निवडून

ही भीती गुप्ततेवर जगते. वर्गातल्या, ऑफिसातल्या प्रत्येकाला फक्त स्वतःची धास्ती दिसते आणि दुसऱ्याचा शांत चेहरा दिसतो. सगळे गप्प राहतात आणि प्रत्येकाला वाटतं, आपणच तेवढे घाबरलेले.

कोणाला सांगायचं? ज्याच्या हातात तुमची बढती आहे त्याला शक्यतो नाही. घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर तर मुळीच नाही, तिथे “अरे तू तर आपल्या खानदानाची शान” असं ऐकून ओझं दुप्पट होतं. तुमच्याच वाटेनं चार-पाच वर्षं पुढे गेलेला माणूस सगळ्यांत चांगला. आणि त्याला “माझ्यात काही कमी आहे का?” असं विचारू नका, तो नाहीच म्हणणार. विचारा: “दादा, पहिल्या वर्षी तुम्हाला काय काय येत नव्हतं? मग काय केलं?” या प्रश्नाला माणसं मोकळी होतात. ज्याला तुम्ही जन्मजात तयार समजत होतात, त्यानं कधीतरी गेटबाहेरच्या टपरीवर रडवेल्या चेहऱ्यानं चहा घेतलेला असतो, हे तुम्हाला पहिल्यांदा कळतं.

याला जोडून एक सराव. आठवड्यातून एकदा मीटिंगमध्ये किंवा वर्गात मोठ्यानं म्हणायचं, “हे मला नीट कळलं नाही, पुन्हा सांगाल का?” ज्यांना सगळं माहीत असल्याचा आव टिकवायचा असतो, त्यांनाच उघडं पडायची भीती असते. जो स्वतःच विचारून मोकळा होतो त्याचं उघडं पडायला काही उरत नाही. इंग्रजी कॉलवर हे अवघड जातं असं मुलं सांगतात. मग विचारायचं वाक्य आधीच लिहून समोर ठेवा आणि वाचून दाखवा. क्लायंटला तुमचं व्याकरण लक्षात राहत नाही, बरोबर प्रश्न विचारल्यामुळे वाचलेलं काम लक्षात राहतं.

मोजपट्टी तपासा

याच विषयावर बरीच वर्षं काम केलेल्या व्हॅलरी यंग यांनी एक उपयोगी गोष्ट मांडली आहे: लायक कोणाला म्हणायचं, याची आपली मोजपट्टीच अशक्य असते. कोणाला शंभरातले शंभर हवे असतात. कोणाला सगळं माहीत असल्याशिवाय तोंड उघडायचं नसतं. कोणाला वाटतं, पहिल्या फटक्यात जमलं तरच ते खरं. कोणाला मदत घेणं म्हणजे हरणं वाटतं. आणि कोणाला नोकरी, घर, सासर, मुलं, सगळ्यात एकाच वेळी पहिला नंबर हवा असतो. हा शेवटचा प्रकार मला आपल्या बायकांमध्ये फार दिसतो, आणि त्यात त्यांची चूक फार थोडी आहे. घरातली कामं वाटली गेली नाहीत तर नोंदवहीनं थकवा जात नाही.

आपली पट्टी कोणती ते ओळखा आणि तिच्या जागी माणसाला पाळता येईल असं एक वाक्य लिहा. “मला सगळं यायला हवं” ऐवजी “जे येत नाही ते कुठे आणि कोणाकडे मिळेल, हे मला माहीत हवं.”

चूक होईल त्या दिवशी

ती होणारच. आणि त्या दिवशी मन म्हणेल, “झालं सिद्ध.” त्या दिवसासाठी क्रम आधीच ठरवून ठेवा: चूक ज्याला सांगायची त्याला लगेच सांगा, ती निस्तरायला काय करताय तेही सांगा, आणि संध्याकाळी तीच पाच रकान्यांची नोंद चुकीचीही करा. माझा वाटा, इतरांचा वाटा, योगायोग. यश दुसऱ्यांना वाटून टाकणारं मन अपयश मात्र एकट्याच्या अंगावर ओढतं, म्हणून दोन्हींना नियम एकच हवा. मोठे निर्णय, राजीनामा, कोर्स सोडणं वगैरे, त्या रात्री घ्यायचे नाहीत.

तुमच्या हाताखाली किंवा घरात असं कोणी असेल तर

“शाब्बास, छान” हे शब्द अशा माणसाला लागत नाहीत, तो ते शिष्टाचार समजून झटकतो. नेमकं सांगा: “तू कालच्या रिपोर्टमध्ये दोन शिफ्ट वेगळ्या दाखवल्यास, म्हणून आपल्याला दोष सापडला.” त्यात झटकायला काही नसतं. नव्या माणसाला पहिल्या महिन्यातच सांगा की काय काय येणं अपेक्षित आहे आणि काय अजून येणं अपेक्षित नाही. निम्मी धास्ती हेच माहीत नसल्यामुळे असते.

आईवडिलांसाठी एक वेगळी गोष्ट. ओझरच्या विमान कारखान्यात, नाशिकरोडच्या नोटांच्या प्रेसमध्ये, सातपूर-अंबडच्या एमआयडीसीत आयुष्यभर नोकरी केलेल्या पिढीची मुलं आज आईवडिलांनी न पाहिलेल्या क्षेत्रांत आहेत. “तू जन्मतःच हुशार” हे त्यांना प्रेमानं सांगितलं जातं, पण मग पहिल्यांदा काही अवघड गेलं की मूल समजतं, हुशारी संपली. त्याऐवजी त्यानं ते कसं सोडवलं, ते विचारा आणि लक्ष देऊन ऐका. न समजलं तरी ऐका.

डॉक्टरांकडे कधी जायचं

वरचं सगळं स्वतः करण्यासारखं आहे, पण काही खुणा दिसल्या तर थांबू नका. दोन आठवड्यांहून जास्त काळ झोप किंवा भूक बिघडली आहे, कशातच मन लागत नाही, कामावर जायच्या विचारानं छाती धडधडते, दारू किंवा गोळ्यांचा आधार घ्यावा लागतो, जगण्यात अर्थ नाही असे विचार येतात, तर हा प्रश्न इम्पोस्टरच्या पलीकडचा आहे आणि त्याला उपचार आहेत. मानसोपचारतज्ज्ञ किंवा समुपदेशक गाठा. शासकीय रुग्णालयातही मानसोपचाराची सोय असते. बाहेर पडायचं धैर्य होत नसेल तर केंद्र सरकारची टेलि-मानस सेवा २०२२ पासून सुरू आहे. १४४१६ वर फोन करा. दिवसरात्र चालू असते, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं. फोन लागल्यावर सुरुवात कशी करायची असा प्रश्न पडला, तर दुसऱ्या पायरीत लिहिलेलं ते वाक्य जसंच्या तसं वाचून दाखवा.